गावभागातली मेंडोलिन : एका बेनामी वाद्याचं वय कसं काढलं

भाच्याचा फोन आला तोवर त्यानं मेंडोलिन घेऊनही टाकली होती. "मामा, इटलीची आहे. शंभर वर्षांची. साडेतीन हजारांत मिळाली." जुन्या सामानाच्या दुकानदारानं बारा हजारांपासून सुरुवात केली होती म्हणे. बारावरून साडेतीनवर उतरणाऱ्या माणसाचा स्वतःच्याच गोष्टीवर विश्वास नसतो, हे मला तिथेच कळलं. पण पोरगं खुशीत होतं. म्हटलं, संध्याकाळी घेऊन ये.

मी व्हायोलिन वाजवतो, घरच्यापुरतं. वाद्यं दुरुस्त करत नाही. पण सांगलीत राहून मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तीस वर्षं जाणं-येणं असलं की माणूस वाद्याकडे जरा उलट बाजूनं बघायला शिकतो. म्हणजे तारांकडून नाही, सांध्यांकडून. पुढे जे लिहिलंय ते त्या मेंडोलिनचं वय आणि गाव काढायला आम्हाला दोन महिने कसे लागले त्याचं टाचण आहे. मधल्या चुका मुद्दाम ठेवल्या आहेत, त्यातली पहिली माझीच.

हातात आलं ते असं

गोल पाठीची मेंडोलिन. लांबून बघणाऱ्याला सतारीचा छोटा भोपळा वाटावा, पण भोपळा नव्हे. वाकवलेल्या लाकडी पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली पाठ. पट्ट्या मोजल्या, तेरा. तबली, म्हणजे पुढची पातळ फळी, फिकट, उभ्या बारीक रेषांच्या लाकडाची, आणि घोडीच्या (तारा टेकतात त्या लाकडी तुकड्याच्या) जरा मागे तिला एक हलकी मोड दिलेली. ही मोड म्हणजे नेपल्सच्या पद्धतीची खूण. तबली बसलीय असं समजून भाचा घाबरला होता, पण ती करतानाच तशी करतात. लंबगोल तोंड, त्याच्या खाली फुलपाखराच्या आकाराची कासवाच्या पाठीसारखी ठिपकेदार पट्टी, दोन्ही बाजूंना चार-चार खुंट्यांच्या पितळी पट्ट्या. आठ तारांपैकी तीनच शिल्लक, त्याही गंजलेल्या. आडीपासून (दांडीच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर साडेसोळा सेंटिमीटर, म्हणजे तारेची बोलती लांबी तेहतीस. युरोपातल्या गोल पाठीच्या मेंडोलिनींचं माप साधारण हेच. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीच्या पद्धतीच्या चपट्या मेंडोलिनींचं पस्तीसच्या वर जातं. तेवढ्यावरून एक दिशा मिळाली, बाकी काही नाही.

आत डोकावलं तर गाळ. सुकलेला, राखाडी, कृष्णेचाच. पाठीच्या आतल्या बाजूला त्या गाळाची एक रेघही उमटलेली, पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवणारी. दुकानदारानं भाच्याला सांगितलं होतं की वाद्य सांगलीच्या गावभागातल्या, म्हणजे जुन्या वस्तीतल्या, एका घरातून आलंय, २०१९ च्या पुरानंतर त्या घरातलं सामान निघालं तेव्हा. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात, आणि गावभाग तर नदीला चिकटून. दुकानदाराच्या सगळ्या सांगण्यात ही एकच गोष्ट अशी होती की जिला वाद्यानं स्वतःहून दुजोरा दिला.

आत कागदी चिठ्ठीही होती, अर्धी धुऊन गेलेली. वरच्या ओळीत रोमन अक्षरांत ‘नापोली’ स्पष्ट वाचता येत होतं. नापोली म्हणजे नेपल्स. इटलीची गोष्ट इथून आली होती. शिवाय तारा अडकवायच्या पत्र्यावर, ज्याला मिरजेचे कारागीर सतारीच्या भाषेत लंगोटच म्हणतात, बारीक ठसा होता : डी. आर. जी. एम. दुकानदाराच्या म्हणण्यानुसार ही ‘इटलीतली नावाजलेली कंपनी’.

आता माझी चूक. फोटो काढायच्या आधीच मी गाळ साफ करायला घेतला. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले ओळखीचे कारागीर, चाचा, यांनी पूर्वी कधी तरी सांगितलेली युक्ती : तोंडातून मूठभर तांदूळ आत टाकायचे, हळू हलवायचं, तांदळाबरोबर धूळ बाहेर येते. गाळ छान बाहेर आला. त्याबरोबर चिठ्ठीचा एक तुकडाही निघून आला. भाचा काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिला.

तो नखाएवढा तुकडा आम्ही परातीतल्या तांदळातून वेचून काढला. त्यावर सहा अक्षरं होती. ‘आय, एन’ आणि जागा सोडून ‘जी, ई, आर, एम’.

जर्मनीत बनलेलं नापोली

ब्रिटनमध्ये १८८७ साली कायदा आला की परदेशातून येणाऱ्या मालानं दुसऱ्याच्या नावावर मिरवू नये. हिंदुस्थानात तसाच व्यापारचिन्हांचा कायदा १८८९ मध्ये झाला. मूळ रोख जर्मन मालावरच होता. पण त्यानं खोटं नाव थांबलं नाही, फक्त खाली बारीक अक्षरांत देश छापायची सवय लागली. लाखो स्वस्त व्हायोलिनींच्या पोटात ‘स्त्रादिवारी’ (इटलीचा विख्यात व्हायोलिनकार) अशी चिठ्ठी आणि तिच्याच पायाशी ‘मेड इन जर्मनी’ असतं, तोच हा प्रकार. वर ‘नापोली’ म्हणजे घाट नेपल्सचा, खाली जर्मनी म्हणजे गाव खरं. दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्यानं वरची ओळ वाचली, खालची तर वाहूनच गेली होती.

डी. आर. जी. एम. ही कंपनी नव्हे. जर्मन साम्राज्यात १८९१ पासून लहानसहान उपयुक्त नमुन्यांची एक सरकारी नोंदणी होती, तिची ही आद्याक्षरं. मोठ्या पेटंटाची धाकटी बहीण म्हणा. खेळणी, कुलपं, कात्र्या, वाद्यांचे पत्रे, सगळ्यांवर हा ठसा सापडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत त्याची जागा वेगळ्या आद्याक्षरांनी घेतली. ठशापुढे नोंदणीचा क्रमांक असता तर निदान नमुन्याचं साल हाती आलं असतं. आमच्या पत्र्यावर तो नव्हता. एक गोष्ट लक्षात ठेवायची : नोंदणी तीन वर्षांची, फार तर आणखी तीन वाढवून मिळायची; पण पत्रा कापायचा साचा काही सहा वर्षांनी मोडत नाहीत. ठसा त्यानंतरही उमटतच राहायचा.

भाच्याला मी एक वही दिली आणि पानाच्या मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे ‘याच्या आधीची नाही’, उजवीकडे ‘याच्या नंतरची नाही’. प्रत्येक खूण या दोनपैकी एका बाजूलाच जाते, आणि ‘वाटतं’ हा शब्द वहीत लिहायचा नाही. डावीकडे १८९१ गेलं. उजवीकडे, चिठ्ठीवर आणि पत्र्यावर मिळून, साधारण १९४५.

लगेच त्यानं शंका काढली, आणि ती बरोबर होती. "मामा, पत्रा नंतर बसवलेला असला तर?" पत्रा धरणारे दोन स्क्रू स्टारचे होते, फुलीच्या खाचेचे. फुलीचा स्क्रू अमेरिकेत १९३६ च्या सुमारास मोटारींच्या कारखान्यांत शिरला. आपल्याकडच्या वाद्यात तो दिसला की कुणाचा तरी हात नंतर लागलाय असंच धरायचं. मग पत्राही दुसऱ्याच वाद्यावरून आणून बसवलेला असू शकत होता. आम्ही स्क्रू काढले. पत्र्याखालचं पॉलिश जसंच्या तसं होतं, उन्हानं न उडालेलं, आणि त्याची कड पत्र्याच्या कडेला तंतोतंत जुळत होती. म्हणजे पत्रा पहिल्यापासून तिथलाच, स्क्रू तेवढे बदललेले. पत्र्याखालची ही टिकलीएवढी जागा पुढे फार उपयोगी पडली.

पॉलिशनं केलेली उलटापालट

माझा पहिला अंदाज असा होता की पाठीवरचं तांबूस, जागोजागी दाटलेलं पॉलिश मूळचं आहे. ते लाखेचं दिसत होतं आणि लाख म्हटलं की जुनं. तबलीवरचं पातळ, काचेसारखं, बारीक उभ्या-आडव्या भेगा गेलेलं पॉलिश मात्र कुणी तरी नंतर मारलंय असं मी धरून चाललो. दोन्ही चुकलं.

नोटा तपासायला दुकानात ठेवतात तो निळा दिवा एका ओळखीच्या कापड दुकानदाराकडून एका रात्रीपुरता आणला. लाख अशा उजेडात नारिंगी चमकते, हे फसत नाही. पाठ नारिंगी चमकली, पण ठिगळाठिगळांनी : खालच्या पट्ट्यांवर दाट, वर विरळ, आणि दोन ठिकाणी चक्क बोटांचे ठसे. कारखान्यातलं काम असं नसतं. तबली नारिंगी झालीच नाही, मंद हिरवट पिवळी दिसली.

मग विरघळवून बघणं. हे करताना जागा लपलेली हवी आणि थेंब सुईच्या टोकाएवढा. हौसेनं मोठा बोळा फिरवला तर वय कळतं पण वाद्य जातं. पत्र्याखालच्या त्या टिकलीवर कापसाच्या काडीनं आधी स्पिरिट लावलं. जवळजवळ काही झालं नाही. सुतार-पेंटर वापरतात तो एन. सी. थिनर लावला तर लगेच चिकट झालं. पाठीवर उलट : स्पिरिटनंच काडी तांबडी.

म्हणजे मूळ पॉलिश नायट्रोसेल्युलोजचं (थिनरच्या नावातलं एन. सी. ते हेच), आणि लाख ही त्यावर नंतर कुणी तरी हातानं चढवलेली. जी गोष्ट जुनी दिसत होती ती नवी निघाली. हातानं फिरवलेलं लाखेचं पॉलिश आपल्याकडे सुतारांच्या हातात आजही आहे, त्यामुळे त्यावरून वय सांगणं म्हणजे धोतरावरून माणसाचं वय सांगणं. फवाऱ्यानं मारायचं पातळ नायट्रोसेल्युलोज मात्र १९२३ च्या आसपास अमेरिकेत मोटारींच्या रंगासाठी बाजारात आलं आणि तिथून वाद्यांकडे वळलं. त्या आधीची ही मेंडोलिन असूच शकत नाही. डाव्या रकान्यातलं १८९१ खोडून १९२३ लिहिलं. भाच्याचा चेहरा पडला, कारण एका थेंबानं बत्तीस वर्षं गेली.

उजवा रकाना पुस्तकी ज्ञानानं आवळता आला. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि ब्रिटिशांच्या अमलाखालच्या बंदरांत जर्मन माल उतरणं बंद झालं. युद्धानंतर ज्या भागात अशी वाद्यं बनत तो रशियाच्या ताब्यात गेला, पुढे तिथे पूर्व जर्मनीचं सरकार आलं, आणि मालावरच्या देशाच्या नावात फरक पडू लागला. वाद्य मूळ खरेदीनंच इकडे आलं असेल, तर १९२३ ते १९३९. कुणी परदेशातून नंतर पेटीत घालून आणलं असेल तर उजवी बाजू थोडी ढिली होते, हे वहीत वेगळ्या शाईनं लिहून ठेवलं.

तो भाग कोणता

जर्मनीच्या सॅक्सनीत, बोहेमियाच्या सीमेला लागून फोग्टलांड नावाचा डोंगराळ पट्टा आहे. त्यातलं मार्कनॉयकिर्शन हे वाद्यांचं गाव. व्हायोलिन करणाऱ्यांचा संघ तिथे १६७७ सालचा. धर्माच्या छळामुळे बोहेमियातून पळालेल्या कारागिरांनी तो काढला. विसाव्या शतकाच्या तोंडाशी या गावातून इतका माल बाहेर जात होता की अमेरिकेनं १८९३ मध्ये तिथे आपला वाणिज्य दूतावास उघडला. गाव म्हणाल तर आपल्या तासगावाहूनही लहान.

तिथली पद्धत आपल्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही. एक घर फक्त दांड्या करणार, दुसरं पाठी, तिसरं खुंट्या, कुणी नुसतीच नक्षी. व्यापारी हे सगळं गोळा करून जुळवून घेणार आणि त्याला गिऱ्हाईक मागेल त्या नावाची चिठ्ठी लावणार. सांगलीच्या यार्डात हळदीच्या पोत्यावर अडत्याची खूण असते, कुठल्या रानातली हळद हे पोतं सांगत नाही. म्हणून ‘कारागिराचं नाव काय?’ या भाच्याच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि ते शोधत बसण्यातही अर्थ नव्हता. अशा वाद्याला एक कारागीर नसतोच.

फोग्टलांड म्हणण्याला आणखी एक आधार मिळाला तो लाकडातून. पाठीच्या पट्ट्या बाहेरून गडद, शिसवीसारख्या. मिरजेचे चाचा वाद्य हातात घेऊन मिनिटभरही थांबले नाहीत. "सर, हे शिसम नाही. रंगवलंय." खालच्या बाजूला एक ओरखडा होता, तिथे आतलं लाकूड पांढुरकं. गॅरेजवाले वापरतात तो बारीक वायरचा कॅमेरा फोनला लावून आत सोडला तर कागद नसलेल्या जागी पट्ट्या आतून फिक्याच. खरी शिसवी आतूनही काळपट असती. मऊ पांढऱ्या लाकडाला रंग देऊन महागडं दाखवणं ही त्या भागाच्या स्वस्त मालाची जुनी रीत. चाचांना मार्कनॉयकिर्शन ठाऊक नाही, पण त्यांना तून आणि शिसम बोटांनी कळतं, आणि या प्रकरणात तेवढं पुरलं.

बाकीच्या शक्यता चटकन बाजूला करता आल्या. जपानची सुझुकी, म्हणजे नागोयाची १८८७ पासूनची व्हायोलिनवाली (मोटारींची सुझुकी वेगळी, गल्लत करू नका), यांच्या गोल पाठीच्या मेंडोलिनीही आपल्याकडे सापडतात, पण मग चिठ्ठीवर जर्मनी कशाला येईल. कोलकात्याच्या बहुतेक चपट्या पाठीच्या.

पोटातलं मराठी वर्तमानपत्र

कॅमेऱ्यानं आणखी एक गोष्ट दाखवली आणि तिथे आमची तीन आठवडे दिशाभूल झाली. पाठीच्या सांध्यांवर आतून कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. गोल पाठीच्या वाद्यात आतून कागद किंवा कापड लावायची पद्धतच आहे, पट्ट्या उकलू नयेत म्हणून. पण चार पट्ट्यांवर मराठी छापील मजकूर होता. भाचा उडालाच : "मामा, ही इथेच बनलीय! जर्मनीबिर्मनी काही नाही."

तीन आठवडे मीही डळमळलो. मग कॅमेऱ्याचा दिवा तिरपा धरून पुन्हा नीट पाहिलं. मराठी कागदाखाली आणखी एक कागद होता, तपकिरी, जाड, कुठलाही मजकूर नसलेला, आणि तो सगळ्या सांध्यांवर सरळ एका रुंदीनं गेलेला. मराठी पट्ट्या फक्त चार सांध्यांवर, हातानं फाडलेल्या, त्याच चार सांध्यांवर जिथे बाहेरून भेग बुजवल्याची खूण आहे. म्हणजे तपकिरी कागद कारखान्याचा, मराठी कागद दुरुस्तीचा.

आणि त्या दुरुस्तीची तारीख मेंडोलिनच्या तारखेपेक्षा नेमकी निघाली. एका पट्टीवर जाहिरातीचा तुकडा होता, त्यात किंमत : ‘२५ न. पै.’ नवे पैसे. आपल्याकडे दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि १ जून १९६४ पासून ‘नवा’ हा शब्द गळून नुसता पैसा राहिला. म्हणजे तो कागद त्या सात वर्षांतला. रद्दी थोडी मुरलेली असली तरी दुरुस्ती १९५७ च्या आधीची नाही. कागद चिकटवला होता सरसानं. सुकलेला सरस मधासारखा पिवळट, नखानं टोकरला तर काचेसारखा तुटतो. पाठीवरची लाखही बहुधा त्याच हातची, कारण नारिंगी चमक त्याच चार सांध्यांवर सगळ्यात दाट होती.

दांडीच्या मुळाशी मात्र वेगळा प्रकार. तिथला चिकट पदार्थ रबरासारखा, नख रुतणारा. फेविकॉल किंवा त्याच जातीचं काही तरी. फेविकॉल १९५९ चा, त्यामुळे ही दुसरी दुरुस्ती त्यानंतरची केव्हाचीही, आणि स्टारचे स्क्रूही त्याच वेळचे असावेत. पुरात गंमत अशी झाली की सरसाचे सांधे सुटले आणि फेविकॉलचा टिकला. चाचांना त्याचं वाईट वाटलं. सुटलेला सरस पुन्हा लावता येतो, गरम पाण्यानं सांधा निगुतीनं उघडता येतो. फेविकॉलचा सांधा उघडायचा म्हणजे लाकूड फाटायची भीती.

एका खुंटीचं बोंड बाकीच्या सातांसारखं नव्हतं. बाकीची सात पांढऱ्या सेल्युलॉइडची, हे शिंगाचं, सुरेख घासलेलं. हे काम मिरजेचंच असावं असं चाचा म्हणाले. वहीत ‘चाचांचं मत’ म्हणून वेगळ्या पानावर लिहिलं.

सेल्युलॉइडचा विषय निघालाच आहे तर : फुलपाखराची पट्टी खऱ्या कासवाची आहे का, हे बघायला भाच्यानं खिशातून लायटर काढला होता. मी हात धरला. सेल्युलॉइड भडकन पेटतं, जुने चित्रपट ज्या फिल्मवर होते तिचीच जात ही. त्याऐवजी पट्टी अंगठ्यानं जोरात घासायची, गरम झाली की नाकाजवळ न्यायची. कापराचा वास आला. कासव नव्हे. त्यानं वय बदलत नाही, पण घर शाबूत राहिलं.

वहीतलं शेवटचं पान

चिठ्ठीचा उरलेला कागद निळ्या दिव्याखाली चमकला नाही. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकदार रसायनं साधारण १९५० नंतर रुळली, त्यामुळे चमकला असता तर चिठ्ठीवर संशय घ्यावा लागला असता. न चमकल्यानं सिद्ध काही होत नाही, आडवं येत नाही इतकंच.

शेवटी वहीत लिहिलं ते असं. फोग्टलांडची, व्यापारी मालातली, नेपल्सच्या घाटाची मेंडोलिन, १९२३ ते १९३९ मधली. पहिली दुरुस्ती १९५७ नंतर, सांगली-मिरजेकडे. दुसरी १९५९ नंतर केव्हा तरी. पूर २०१९. भाच्याला ‘साधारण १९३०’ असं लिहायचं होतं, ऐकायला बरं वाटतं म्हणून. मी लिहू दिलं नाही. मधोमधचं साल म्हणजे पुरावा नव्हे, भागाकार.

किमतीचं म्हणाल तर अशा बेनामी गोल पाठीच्या मेंडोलिनी युरोपातही स्वस्तच विकल्या जातात. साडेतीन हजारांत तो फार काही कमावून बसलेला नाही आणि फसलेलाही नाही. कुणी विचारेल की मग एवढा खटाटोप कशासाठी. खटाटोप यासाठी की आता तिला काय करायचं आणि काय नाही ते कळलं. नायट्रोसेल्युलोजवर पुन्हा पॉलिश मारायचं नाही. सांधे सरसानंच लावायचे. मराठी कागद काढायचा नाही. चाचा तो उकरून साफ करायला निघाले होते, त्यांना थांबवलं. आणि मुख्य म्हणजे आजकाल दुकानात मिळणाऱ्या जाड अमेरिकन तारा चढवायच्या नाहीत. त्या मजबूत चपट्या मेंडोलिनींसाठी आहेत. या पातळ तबलीवर चढवल्या तर काही महिन्यांत घोडीपाशी खळगा पडतो. सगळ्यात पातळ तारांचा संच मागवला.

चाचांनी पाच सांधे लावले, दोरीनं आवळून चार दिवस ठेवले आणि वाद्य परत दिलं. तारा लावायच्या आधी घोडी जागेवर बसवायला घेतली तेव्हा भाच्यानं ती सहज उलटी केली. इतके दिवस आम्ही तिच्याकडे पाहिलंच नव्हतं, कारण ती मूळची नाही हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. लाकूड वेगळं, बहुधा सतारीच्या दांडीतून उरलेला तुकडा. खालच्या सपाट बाजूवर शिसपेन्सिलीनं देवनागरीत लिहिलं होतं : ‘काळी १’.

पेटीवरची काळी एक. म्हणजे वाजवणारा तिथे सा धरून बसत होता, युरोपातल्यासारखा व्हायोलिनच्या स्वरांत जुळवत नव्हता. प सा प सा असं जुळवलं तर सगळ्यात बारीक जोडी नेहमीपेक्षा दीड स्वर खाली येते, मधल्या दोन जोड्या अर्धा स्वर खाली, फक्त जाड जोडी अर्धा स्वर वर. बारीक जोडीवरचा ताण यात जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. तबली इतक्या वर्षांत बसली कशी नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

भाच्यानं फोनवर तंबोरा लावला, काळी एकचा, आणि खुंट्या पिळायला घेतल्या. शिंगाचं बोंड बाकीच्यांपेक्षा सैल फिरतं. तेवढी एक तार दर दहा मिनिटांनी उतरते.